वसंतरावांच्या आवाजावरून भांडताना

अमरावतीहून अकोल्याकडे निघालं की बडनेरा मागे टाकल्यावर मूर्तिजापूर लागतं. वसंतराव देशपांडे 2 मे 1920 रोजी इथे जन्मले. दोन्ही शहरांतली आम्ही काही गाणंवेडी माणसं अधूनमधून रविवारी जमतो, कधी अकोल्यात जठारपेठेत, कधी अमरावतीत राजापेठेत, ज्याच्या घरी जागा असेल त्याच्याकडे. निवृत्त मास्तर आहेत, जिनिंगवाले काका आहेत, पेटी शिकवणाऱ्या काकू आहेत, सुटीत पुण्याहून येणारा माझा भाचा आहे. विषय कुठूनही निघो, चहा येईपर्यंत गाडी वसंतरावांवर येते आणि मग दोनच प्रश्न उरतात: त्यांचं सर्वांत सरस मुद्रण कोणतं, आणि तो आवाज चांगला म्हणायचा की नाही. वर्षानुवर्षांच्या या भांडणातून मला जे उमगलं ते इथे मांडतो.

1. आधी लावा, मग बोला

आठवणीवरून केलेला वाद कुठेच पोचत नाही. "कट्यारमधे काय तान घेतली होती राजेहो!" असं कुणी म्हटलं की दुसरा विचारतो, "कोन्त्या प्रयोगात?" आणि तिथेच सगळं अडतं. रंगमंचावरचे वसंतराव रोज तसेच गात नसत, त्यामुळे दोघांनी दोन वेगळ्या रात्री ऐकलेल्या असतात आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून आमच्याकडे ज्याला मत मांडायचं त्याने मुद्रण आणायचं, हवा तो तुकडा लावायचा, थांबवायचा, परत लावायचा.

त्यातही कशावर लावलं हे बघावं लागतं. काका अजून कॅसेटी जपून आहेत. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यांनी त्या कॅसेटींचं आणि त्यांच्या जुन्या डेकचं जे करायचं ते केलं आहे. एकदा ते आग्रहाने सांगत होते की वसंतरावांचा आवाज भारदस्त होता, लोक उगाच बारीक म्हणतात. काकूंनी पेटी ओढली, कॅसेटचा षड्ज धरला, मग तेच गाणं मोबाइलवर लावून त्याचा षड्ज धरला. जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक निघाला. डेक हळू फिरत होता. फीत हळू फिरली की स्वर उतरतो आणि आवाज जाड होतो, वेगाने फिरली की तोच आवाज चिरका लागतो. आवाजाबद्दलची निम्मी मतं यंत्राबद्दलची असू शकतात, हे त्या दिवशी सगळ्यांच्या कानांनी ऐकलं.

2. 'टोचतो' म्हणणाऱ्याला 'कुठे टोचतो' ते विचारा

मास्तर भीमसेनजींचे भक्त. त्यांचं म्हणणं ठरलेलं: "मले तो आवाज कानाले टोचते." या वाक्यावर पूर्वी आरडाओरड व्हायची. पुढे मी एवढंच विचारायला लागलो की मास्तर, नेमकं कुठे? मग ते नीट ऐकून बोट ठेवायचे. तार सप्तकात आवाज निमुळता होतो तिथे. स्वर किंचित नाकात जातो तिथे. तान घेता घेता मधेच वरचा स्वर झडप घालून पकडतात तिथे. मास्तरांचा कान पक्का आहे. ते दाखवतात ते तिथे असतंच.

आता खरा प्रश्न हा, की त्या जागी तो आवाज काय काम करतो. यासाठी 'घेई छंद मकरंद'सारखं दुसरं उदाहरण नाही. 'कट्यार काळजात घुसली'मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या एकाच पदाला जितेंद्र अभिषेकींनी दोन चाली दिल्या. पंडितजींची चाल सालगवराळीत, खाँसाहेबांची धानीत. नाटकात दोन घराण्यांचं वैर आहे आणि ते वैर अभिषेकींनी चालींमध्येच उतरवलं. वसंतराव खाँसाहेब आफताब हुसेन, भार्गवराम आचरेकर पंडितजी.

धानीत रिषभ आणि धैवत वर्ज्य. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद, झाले पाच स्वर. मधल्या पायऱ्याच काढून घेतल्यामुळे द्रुत लयीत तान धावत नाही, उड्या मारते. गोल, भरीव आवाजाला एका स्वरावरून उठून दुसऱ्यावर बसायला क्षणभर वेळ लागतो आणि वेग वाढला की स्वर एकमेकांत मिसळतात. वसंतरावांचा आवाज हलका आणि कडेला धारदार, म्हणून त्या उडीतला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. तो तबल्याशी जी झटापट करतो तिची गंमतही त्या सुटेपणामुळेच. ते स्वतः तबला उत्तम वाजवत, आणि ते इथे कळतं. त्यात पात्र कोण? मानी, डिवचलेला, दुसऱ्याला हरवायला निघालेला गवई. त्याच्या गळ्यात मधाळ आवाज घातला असता तर नाटकच कोसळलं असतं.

मास्तरांना आम्ही दोन्ही चाली पाठोपाठ ऐकवल्या. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "आवाज मले अजूनबी आवडत नाई. पन इथं दुसरा चालला नसता." याहून प्रामाणिक रसिकमत मी आजवर ऐकलेलं नाही.

3. वयाचा हिशेब ठेवा

आपण ज्या आवाजावर वाद घालतो तो बहुतांशी चाळिशी उलटलेल्या माणसाचा आवाज आहे. लहानपणी आई त्यांना घेऊन नागपूरला आली. तिथे शंकरराव सप्र्यांकडे शिक्षण. भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन'मध्ये 1935 साली कृष्णाचं काम. मग लाहोर, तिथे असद अली खाँकडे मारवा राग. पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यातली नोकरी, कित्येक वर्षं. 'कट्यार' रंगमंचावर आलं डिसेंबर 1967 मध्ये, म्हणजे वयाच्या 47व्या वर्षी. 30 जुलै 1983 ला ते गेले. आपल्या ओळखीचं, गाजलेलं गाणं त्या सोळा वर्षांच्या आसपास दाटलेलं आहे. दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि संध्याकाळी गाणं, अशी तपं काढलेला गळा तो. त्यात खरखर असेल तर ती ऐकताना मला त्या वर्षांचा आदरच वाटतो.

4. सर्वांत सरस कोणतं, हे मिनिटांवर ठरतं

जुनी 78ची तबकडी म्हणजे एका बाजूला सुमारे तीन-साडेतीन मिनिटं. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस. मैफलीच्या मुद्रणाला तशी मर्यादाच नाही. गवयाचा स्वभाव यांतल्या कोणत्या मापात बसतो हे बघितल्याशिवाय क्रम लावू नये. वसंतरावांना अचानक सुचायचं. सुचलेलं फुलायला जागा लागायची. तीन मिनिटांत ते सगळं कोंबलं की ऐकणाऱ्याला वाटतं, केवढी ही घाई. मैफलीत तेच एखादी लकेर घेऊन तिच्या मागे जातात, ती हरवते, दुसरीच सापडते.

भाच्याशी याच मुद्द्यावर माझं जमलं. तो रॉक ऐकतो, त्यातही टोरंटोचा रश हा बँड त्याचा जीव की प्राण. त्यांचा गायक गेडी ली उंच, तीक्ष्ण पट्टीत गातो. त्या आवाजामुळेच लोक रशचे होतात आणि त्या आवाजामुळेच सोडून जातात. "मामा, आमच्याकडे हेच भांडण आहे," असं म्हणून त्याने 1976 चा '2112' लावला. त्याच्या पहिल्या बाजूवर वीस मिनिटांची एकच सलग रचना आहे. आवाज मला सुरुवातीला कठीण गेला हे खरं, पण रचना पुढे सरकली तशी त्या उंच पट्टीची गरज पटत गेली, कारण खालची सगळी जागा गिटार आणि ढोलांनी व्यापलेली होती. भाच्याच्या मित्रांत '2112' थोर की 1981 चा 'मूव्हिंग पिक्चर्स', यावर पहाटेपर्यंत चालतं म्हणे. आमच्याकडे ध्वनिमुद्रिका वेगळ्या, तळमळ तीच.

तर आमच्यातले तीन पक्ष असे. काकांचा 'कट्यार' पक्ष. काकूंचा भावगीत पक्ष: वा. रा. कांतांचं, खळ्यांच्या चालीतलं 'बगळ्यांची माळ फुले', आणि 1979 च्या 'अष्टविनायक' चित्रपटातलं 'दाटून कंठ येतो'. तिथे हा तान-बहाद्दर माणूस हात बांधून ठेवल्यासारखा गातो आणि जी कासाविशी होते ती त्या आवरण्यातून होते, हे काकूंचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. तिसरा पक्ष मारव्याचा. त्यात मी आहे.

5. तिघांची उतरंड लावू नका

भीमसेन 1922 चे, कुमार गंधर्व 1924 चे, वसंतराव 1920 चे. तिघं एका पिढीचे म्हणून महाराष्ट्रात त्यांना एका रांगेत उभं करायची खोड आहे. क्षयाने कुमारांच्या फुप्फुसावर घाला घातला आणि छोट्या श्वासांची, तुकड्यातुकड्यांनी उजळणारी गायकी त्यातून आली. भीमसेनजींचा श्वास अथांग, त्यांचा षड्ज लागला की सभागृह भरतं. ज्याला जो गळा मिळाला त्यातून त्याने आपलं घर बांधलं. आपलं घराणं आपल्यापासूनच सुरू होतं, असं वसंतराव सांगत. ते ज्या ज्या गुरूंकडे शिकले त्यांची यादी पाहिली (किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, आणि मनात कायम दीनानाथ मंगेशकर) तर त्या म्हणण्यात तुसडेपणा नव्हता, हिशेब होता.

6. गावाचा अभिमान असावा, निकष नसावा

"आपल्या मूर्तिजापूरचा माणूस हाय" असं म्हणून कुणी वाद संपवू लागला की मला वाईट वाटतं. त्यांचं गाणं घडलं नागपुरात, लाहोरात, पुण्या-मुंबईत. 'कट्यार'चे लेखक नागपूरचे आणि संगीतकार गोव्याचे. जन्मभूमीच्या बळावर गाणं थोर ठरवलं तर ऐकायचं काय उरलं?

पण एक योग मला मनापासून आवडतो. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, 1901 साली याच मूर्तिजापुरात जन्मले. त्यांचं 'कुणी जाल का' यशवंत देवांच्या चालीत वसंतरावांनी गायलं. शकुंतला रेल्वेच्या रुळांचं हे जंक्शन, यवतमाळकडे आणि अचलपूरकडे फुटणारं, आणि त्याच एका गावचा कवी आणि त्याच गावचा गवई एका गाण्यात भेटतात. हे गाणं लावलं की आमच्यात भांडण होत नाही. मास्तरसुद्धा डोळे मिटून घेतात.

7. नातवाच्या दारातून येणाऱ्याला आत घ्या

2015 च्या 'कट्यार' चित्रपटानंतर आमच्याकडे नवी पोरं आली. त्यांना खाँसाहेबांचा आवाज म्हणून राहुल देशपांडेच माहीत होते. 2022 ला 'मी वसंतराव' आला. त्यातल्या गाण्यासाठी राहुलना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा आणखी काही आली. जुन्यांपैकी काहींनी नाकं मुरडली, "आजोबाची सर नाई." तुलना करायलाच हवी, पण माहिती घेऊन. आजोबा गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. समोर बसून तालीम मिळाली असं झालंच नाही. ते मुकुल शिवपुत्रांकडे शिकले, म्हणजे कुमारांच्या मुलाकडे. त्यामुळे नातवाच्या गाण्यात आजोबा ऐकू येतात ते मुद्रणांतून आणि ध्यासातून आलेले, आणि सोबत कुमारही ऐकू येतात. राहुलचा आवाज अधिक गोल, अधिक प्रेमळ आहे. नव्या पोरांना आधी तो ऐकू द्यावा, मग मूळ धानीतलं पद लावावं. एक मुलगी मूळ ऐकून म्हणाली, "काका, हे घाबरवते." बरोबर ऐकलं होतं तिने.

8. माझं मत

मला विचाराल तर मारवा. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाहीच, आणि षड्ज असूनही गवई त्याला टाळत राहतो. रिषभ-धैवतावर रेंगाळायचं आणि कानाला घरी जाऊ द्यायचं नाही, ही या रागाची रीत. सूर्य बुडतानाची वेळ त्याची. बहुतेक गवई मारवा गंभीर करतात, जड करतात. वसंतरावांचा मारवा अस्वस्थ आहे. तो बसत नाही. आलाप करता करता मधेच एखादी वीज चमकावी तशी तान येते आणि मंद्रात जाऊन नाहीशी होते. ज्या धारेबद्दल मास्तरांची तक्रार आहे ती धार इथे रागाचीच होऊन येते. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला घरापासून शेकडो कोस दूर लाहोरात हा राग मिळाला, आणि साठीला पोचेपर्यंत तो त्याला पुरला.

मास्तर हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते मारवा ऐकावा तर अमीर खाँसाहेबांचा, आणि त्यांच्याकडे त्याची बळकट कारणं आहेत. पुढच्या रविवारी राजापेठेत दोन्ही मारवे लावायचे ठरले आहेत, सूर्यास्ताला सुरुवात, आणि या वेळी कॅसेट नाही.