साप, घोरपडी व बेडूक यांच्या बचावाकरिता गावचे स्वयंसेवक पथक

मृगाचा पहिला पाऊस पडून बिळांत पाणी शिरले, म्हणजे साप, विंचू, बेडूक इत्यादी प्राणी वर येतात व कोरड्या जागेच्या शोधार्थ वस्तीकडे वळतात. नेमका याच सुमारास शेतकरी बांधावर, गोठ्यात व कडब्याच्या गंजीपाशी वेळी-अवेळी वावरत असतो. दोघांची गाठ पडते ती येथेच. आरडाओरड होते, दहा माणसे काठ्या घेऊन धावतात, आणि पुढे बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर निरुपद्रवी धामण ठेचली जाते, किंवा विषारी साप मारण्याच्या झटापटीत एखाद्या उमद्या तरुणास दंश होतो. ही धावपळ बंद करून तिच्या जागी शिकलेल्या पाच-सहा इसमांचे पथक गावी कसे उभे करावे, एवढेच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. सर्पदंशाने मयत झालेल्या खातेदारांचे कागद टेबलावर येत, ते फार करून पावसाळ्याच्या चार महिन्यांतले असत. पुढे याविषयी वाचन केले तेव्हा देशभराचा हिशेबही तसाच निघाला. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत हिंदुस्थानात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे सरासरी दरसाल ५८,००० असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे. त्यांपैकी निम्मी जून ते सप्टेंबर या काळात गेली. बहुतेक सारी खेड्यांतील होती. आणि तीन चतुर्थांशांहून अधिक माणसांस मरण आले ते इस्पितळाबाहेर. ही शेवटची बाब वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण पथकाचे निम्मे काम तिच्याशी निगडित आहे.

साप वाचवून शेतकऱ्यास काय मिळणार, असे कोणी विचारील. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि पिलेही थोड्याच महिन्यांत विऊ लागतात. कणगीतील दाणा, उभ्या उसाचे बूड व भुईमुगाच्या शेंगा यांची नासाडी हा प्राणी किती करतो, हे शेतकऱ्यास शिकवावयास नको. उंदराच्या बिळात शिरून त्याचा वंश खाणारा, मजुरी न मागणारा गडी म्हणजे धामण होय. नाग व घोणसही तेच करतात. मात्र त्यांचे काम रानात बरे, घरात नव्हे. बेडकांची गोष्ट अशी की, एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी फार मोठ्या प्रमाणावर जात. शेतांतील बेडूक घटू लागले, कीड खाणारा हा प्राणी गमावणे परवडणारे नाही असे दिसून आले, आणि १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. तरीही गोव्यात व कोकणच्या काही भागांत पहिल्या पावसात मोठे बेडूक खाण्याकरिता धरले जातात. गोव्यात त्या दिवसांत वनखात्याच्या जोडीने तरुण स्वयंसेवक रात्री रस्त्यांवर गस्त घालतात.

आता पथकाकडे वळू. माणसे निवडताना धाडसी माणूस प्रथम वगळावा. हे वाक्य चमत्कारिक वाटेल, परंतु ते पूर्ण विचाराने लिहिले आहे. ज्यास सापाचे भय मुळीच वाटत नाही, तो नागाची मान धरून चार लोकांत मिरवतो, मोबाइलवर चित्र काढवून घेतो, आणि एके दिवशी त्याच हाताने दंश घेतो. असे मृत्यू आपल्या राज्यात वारंवार घडले आहेत व ते सर्व टाळण्याजोगे होते. पथकास पाहिजे तो शांत, निर्व्यसनी, रात्री हाक मारली असता उठणारा आणि ऐकून घेणारा माणूस. एखादी शिकलेली भगिनी पथकात असल्यास फारच उत्तम. साप स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात निघतो तेव्हा घरची बाई परपुरुषापेक्षा तिच्याशी अधिक मोकळेपणाने बोलते. अठरा वर्षांखालील मुलास मात्र कितीही हौस असली तरी घेऊ नये.

निवड झाल्यावर पहिले पाऊल वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कचेरीत टाकावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्व सापांस संरक्षण दिले आहे. अजगर व घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार केल्यास २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन ते सात वर्षांची कैद व वर दंड होतो. आपल्याकडे घोरपडीचे तेल सांधेदुखीवर चोळण्याचे वेड अद्याप आहे. त्या तेलाने सांधे बरे झालेले मी पाहिले नाहीत. तेलापायी तुरुंगाची वाट मात्र उघडते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना सद्भावनेने प्राणी मारला गेल्यास कायदा त्यास गुन्हा मानीत नाही, हेही येथे सांगणे अवश्य आहे. नाहीतर भीतीने लोक खरी हकीकत लपवितात. पथकाची नावे कचेरीत लेखी द्यावीत, कोणते काम करावयाचे व कोणते नाही हे विचारून घ्यावे, आणि शिक्षणही तेथूनच किंवा अनुभवी सर्पमित्राच्या हाताखाली, निदान एक पावसाळाभर घ्यावे. वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक चावडीवर, शाळेवर व सोसायटीच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवावा.

शिक्षणात सर्वांत आधी ओळख. महाराष्ट्रात माणसे मारणारे मुख्य साप चारच: नाग, मण्यार, घोणस व फुरसे. घोणशीच्या पाठीवर काळसर कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी साखळीप्रमाणे असतात आणि डिवचल्यास ती कुकरच्या शिटीसारखा मोठा फूत्कार टाकते. तिला अजगराचे पिलू समजून उचलणारे पुष्कळ. अजगराच्या अंगावरील पट्टे वेडेवाकडे व एकसारखे नसलेले असतात, तेवढे पाहिले तर घोटाळा होत नाही. मण्यार काळी तुळतुळीत असून तिच्या अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, असतात. ते मानेपासून थोड्या अंतराने सुरू होऊन शेपटीकडे ठळक होत जातात. तिच्यासारखा दिसणारा कवड्या तपकिरी असतो, आणि त्याचे पट्टे मानेपाशी ठळक व शेपटीकडे फिकट असतात. फुरसे वीतभर ते हातभर लांबीचे. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज करते. धामण, दिवड, नानेटी, तस्कर, मांडूळ, गवत्या हे सर्व बिनविषारी. तरीही ओळख पटेपर्यंत प्रत्येक साप विषारीच धरून चालावे.

साहित्य थोडके व स्वस्त असते. आकडी असलेली लांब काठी, जाड सुती कापडाच्या शिवण पक्की असलेल्या पिशव्या, गुडघ्यापर्यंतचे बूट, उजेड लांब टाकणारी विजेरी, आणि हातभर लांबीची रुंद प्लॅस्टिकची नळी. या नळीच्या एका तोंडास पिशवी घट्ट बांधून दुसरे तोंड सापापुढे जमिनीवर ठेवावे व आकडीने त्यास हलकेच तिकडे वळवावे. सापास अंधारे बीळ प्रिय असते. तो आपण होऊन आत शिरतो. हात लावावा लागत नाही, मान दाबावी लागत नाही, सापाच्या फासळ्या मोडत नाहीत. लोखंडी चिमट्याने आवळलेला साप सुटून गेला तरी आतल्या जखमेने मरतो, म्हणून चिमटा पथकात ठेवूच नये असे माझे मत आहे. काम चालू असता एकाने गर्दी मागे ठेवावी व एकाने सापावरची नजर काढू नये. एकट्याने कधीही जाऊ नये.

आपल्या गावी सर्वाधिक हाका येतील त्या विहिरींवरून. कठडा नसलेल्या विहिरीत साप, घोरपड, कासव, बेडूक पडतात आणि गुळगुळीत बांधकामामुळे वर येऊ न शकल्याने थकून बुडतात. मग पाणी नासते ते निराळेच. पडलेल्या प्राण्याकरिता माणूस विहिरीत उतरविणे शक्य तितके टाळावे. वापरात नसलेल्या विहिरीत घातक वायू कोंडलेला असतो व त्याने उतरलेली माणसे एकामागून एक दगावल्याची उदाहरणे आहेत. बांबूची पाटी चार दोरांनी सारखी बांधून पाण्यात सोडावी व प्राण्याच्या खालून अलगद वर उचलावी. पोहून दमलेला साप तिच्यात चटकन वेटोळे करून बसतो. याहून सोपा उपाय म्हणजे, प्रत्येक विहिरीत साल न काढलेली एखादी लांब फांदी, किंवा कडेपासून पाण्यापर्यंत गाठी मारलेला काथ्याचा दोर व त्यास शिवलेली तागाची पोती, कायमची सोडून ठेवणे. बेडूक व लहान साप त्यावरून आपले आपण वर येतात, पथकास हाक मारावीच लागत नाही. कठडा बांधणे हा खरा उपाय आहेच, पण पैशाअभावी तो पुढे ढकलला जातो.

द्राक्षबागांत व भाजीच्या वाफ्यांत पाखरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी हे अलीकडचे नवे संकट आहे. साप अर्धा आत जातो, खवल्यांमुळे मागे येत नाही, आणि उन्हात तडफडून मरतो. अशा वेळी प्रथम डोक्याकडील भाग नळीत जाऊ द्यावा, जाळीचा तुकडा सापासकट कापून सावलीत न्यावा, मग बोथट टोकाच्या कात्रीने एकेक दोरा तोडावा. जाळी जमिनीपासून वीतभर वर बांधली तर हा प्रसंग बहुतेक टळतो. नांगरताना सापाची किंवा घोरपडीची अंडी उघडी पडल्यास ती उलटीपालटी न करता तशीच, वरची बाजू वर ठेवून, जवळच्या बांधात मातीखाली ठेवावीत. ऊस तोडताना चहूकडून न तोडता एका बाजूने तोडत गेल्यास प्राण्यांस दुसऱ्या बाजूने निघून जावयास वाट राहते.

धरलेला साप लांबच्या डोंगरात नेऊन सोडण्याची जी चाल पडली आहे, ती दिसते तितकी दयेची नाही. परक्या मुलखात त्यास बीळ ठाऊक नसते, तो भटकत राहतो व लवकर मरतो. सबब जेथे सापडला तेथून जवळच्याच, वस्तीपासून बाजूच्या ओढ्याकाठी किंवा पडीत तो त्याच दिवशी सोडावा. खेळ दाखविण्याकरिता, शाळेत नेण्याकरिता किंवा नागपंचमीकरिता घरी ठेवू नये. साप दूध पीत नाही. उपाशी व तहानलेला ठेवला म्हणजे समोर असेल त्यात तोंड घालतो इतकेच.

नको असलेल्या प्राण्यांचा प्रश्न निराळा आहे. शहरातील आप्त हौसेने पाळलेले लाल कानाचे अमेरिकन कासव मोठे होऊन कंटाळा आला की गावच्या तळ्यात आणून सोडतात व पुण्य केले असे मानतात. हे परदेशी कासव खादाड असून आपल्या कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावते. ते तळ्यात कदापि सोडू नये. वनखात्यास कळवून त्यांच्या हवाली करावे. लक्ष्मी येते म्हणून घरात ठेवलेले चांदणी कासव बाळगणे हाही गुन्हा आहे; त्याबद्दलही आपण होऊन वनखात्यास कळवावे हे बरे. मांडुळाच्या नावाने तर लबाडीचा बाजारच भरतो. दोन तोंडांचा साप अमुक वजनाचा भरला तर लाखो रुपये मिळतात, अशी थाप देऊन भोळ्या शेतकऱ्यांस आगाऊ रकमेला बुडविणाऱ्या टोळ्या आहेत. मांडुळास तोंड एकच. शेपटी बोथट, एवढेच. गावात कोणी मांडूळ विचारीत फिरत असल्यास पोलीस पाटलांस सांगावे.

याच कामातून उदरनिर्वाह करणारी एक सहकारी संस्थाही आपल्या देशात आहे. तामिळनाडूतील इरुळा लोक पूर्वी सापांच्या कातड्यांवर जगत. १९७२ च्या कायद्यानंतर तो धंदा बंद पडला. १९७८ साली त्यांची सहकारी सोसायटी निघाली. ते साप धरतात, काही आठवडे ठेवून त्यांचे विष काढतात, ते प्रतिविष बनविणाऱ्यांस विकतात व साप पुन्हा रानात सोडतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून समुद्री कासवांची अंडी राखण्याच्या कामात गावकरी असेच पुढे आले.

दंश झाल्यास काय करावे हे पथकातील प्रत्येकास तोंडपाठ पाहिजे. रुग्णास धीर देऊन आडवे निजवावे. अंगठी, कडे, जोडवी काढावीत. दंश झालेला अवयव फळीस बांधून हलू देऊ नये. आवळून दोरी बांधू नये, कापू नये, चोखू नये. १०८ ला कळवावे, पण गाडीची वाट पाहात बसू नये. पथकाने गावातील ज्यांच्याकडे मोटार आहे अशा दोन-तीन गृहस्थांची रात्रीची पाळी आधीच ठरवून ठेवावी, आणि जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष शिल्लक आहे याची चौकशी दर महिन्यास करावी. मण्यारीच्या दंशात विशेष सावधगिरी पाहिजे. ती रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. सूज नसते, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि तोवर घरचे अजीर्ण समजून बसलेले असतात. मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही. साप मारून किंवा धरून डॉक्टरांस दाखविण्याची गरज नाही. या चारही सापांवर प्रतिविष एकच आहे.

दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर वारसांस गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळू शकतात. सर्पदंश तीत समाविष्ट आहे. दुःखात कागदाचे भान राहात नाही व मुदत निघून जाते. म्हणून सातबारा, वारसाचे कागद व वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला गोळा करून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज पोहोचता करण्याचे काम पथकातील एका लिहित्या माणसाकडे नेमून द्यावे.

त्याच माणसाकडे नोंदवही असावी. रकाने थोडे ठेवावेत: तारीख व वेळ, कोणाच्या गट नंबरात किंवा घरात, प्राणी कोणता, कसा सापडला, कोठे सोडला, कोण गेले होते, सही. दर महिन्यास तिची नक्कल वनखात्यास द्यावी, म्हणजे पथकावर विक्रीचा किंवा बाळगल्याचा आळ येत नाही. साहित्याचा खर्च सोसायटीने करावा व ते सोसायटीच्या गोदामात किल्लीसह ठेवावे. हाक मारणाऱ्याकडून एक पैसाही घेऊ नये, कारण पैसे पडतात म्हटल्याबरोबर लोक पुन्हा काठी उचलतील. पावसाळा सरल्यावर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ही वही वाचावी. कोणत्या विहिरीत पाच वेळा प्राणी पडले व कोणत्या गल्लीतील उकिरड्यापाशी चार वेळा नाग निघाला, हे तीत लिहिलेले असतेच. त्या विहिरीचा कठडा व तो उकिरडा यांचा ठराव त्याच बैठकीत घ्यावा.