घरचा जॅम : का जमतो, का बिघडतो?

वैशाखाचे ऊन तापू लागले की इंदूरच्या बाजारात प्रथम कैरी येते, मग बदाम, तोतापुरी, दशेरी, लंगडा आणि रसाचा देशी आंबा अशी रांग लागते. जूनच्या मध्यास पहिला पाऊस पडेपर्यंत आंबा घरोघरी असतो. त्यानंतर मात्र तो भराभर उतरू लागतो. चोइथराम मंडीत आवक वाढली की भाव पडतो आणि पुष्कळ फळ खाण्यापूर्वीच वाया जाते. हे फळ वर्षभर टिकवण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे साखरेच्या पाकात ते शिजवून ठेवणे. आपल्या आज्या हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. आज शिक्षणासाठी घरापासून दूर राहणारा विद्यार्थी तोच उपाय पुस्तकातील कृती वाचून करू पाहतो आणि अनेकदा फसतो. कधी जॅम पातळ राहतो, कधी दगडासारखा होतो, तर कधी श्रावणात त्यावर बुरशी येते. कृती पाळूनही असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मुरांबा आणि जॅम

जॅम हा शब्द इंग्रजांबरोबर आला, पण ती कल्पना आपल्याला नवी नव्हती. ‘मुरब्बा’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला व त्याचा मुरांबा झाला. ‘मुरलेला आंबा’ हा अर्थ लोकांनी मागाहून बसवला, पण तो इतका चपखल आहे की मूळ शब्द आता कोणाला आठवत नाही. मुरांब्यात व साखरांब्यात कैरीच्या फोडी किंवा कीस पाकात मुरतो आणि फळाचा आकार दिसत राहतो. गुळांब्यात साखरेच्या जागी गूळ असतो. शेजारच्या गुजरातेत कैरीचा कीस व साखर एकत्र करून, भांड्याच्या तोंडाला पातळ फडके बांधून ते कित्येक दिवस उन्हात ठेवतात. त्याला छुंदा म्हणतात. जॅममध्ये फळाचा पूर्ण गर होतो आणि थंड झाल्यावर तो गोळा धरतो. हे गोळा धरणे म्हणजेच ‘जमणे’. या सर्व पदार्थांत टिकण्याचे कारण एकच आहे. जमण्याचे कारण मात्र वेगळे असून ते नीट समजून घेतले पाहिजे.

जमण्याचे तीन आधार

जॅम जमण्यासाठी पेक्टिन, आम्ल आणि साखर हे तीन घटक योग्य प्रमाणात एकत्र यावे लागतात.

पेक्टिन हा फळांच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारा पदार्थ आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो याने १८२५ साली त्याला हे नाव दिले. त्याचे मूळ ‘गोठवणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. कच्च्या फळात हा बंध घट्ट असतो, म्हणून कैरी कडक लागते. फळ पिकू लागले की त्यातील विकरे पेक्टिनचे तुकडे करू लागतात आणि फळ मऊ होते. फार पिकलेल्या फळात जमण्याजोगे पेक्टिन उरतच नाही. म्हणून ‘खाण्यास फार मऊ झालेले आंबे जॅमला लावू’ हा हिशेब काटकसरीचा वाटला तरी चुकतो.

आता साखर व आम्ल यांचे काम पाहू. पेक्टिनचे लांब रेणू पाण्याला धरून सुटे सुटे तरंगत असतात. त्यांच्यावर ऋण विद्युत्‌भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर सारतात. आम्ल घातले की हा भार कमी होतो. साखर घातली की ती पाणी स्वतःकडे ओढते. मग पेक्टिनचे रेणू जवळ येतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचे जाळे तयार होते. साखरेचा पाक या जाळ्यात अडकून राहतो. जमलेला जॅम म्हणजे हे जाळेच होय. त्यासाठी मिश्रणाचा सामू साधारण २.८ ते ३.५ यांच्या दरम्यान हवा. आम्ल त्याहून कमी असेल तर कितीही आटवले तरी जॅम जमत नाही. आम्ल फाजील झाले तर जाळे आक्रसते आणि त्यातून पाणी सुटते.

आम्लाचे आणखी एक काम आहे. उकळताना ते साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन करते. या मिश्र साखरेमुळे पाकात खडे धरत नाहीत. पाकात लिंबू पिळण्याची घरगुती चाल याच कारणाने पडली असली पाहिजे.

कोणते फळ, कोणाची जोड?

हे तीन आधार ध्यानात ठेवले की फळांची पारख सोपी होते. पेरू, कवठ व करवंद यांत पेक्टिन भरपूर असते. कैरीत आम्ल भरपूर व पेक्टिनही पुरेसे असते. पिकलेल्या आंब्यात रंग, सुगंध व गोडी असते, पण आम्ल कमी पडते. पपईत पेक्टिन बरे असते, पण आम्ल फारच थोडे. अननसात व शहतुतात आम्ल थोडेफार असले तरी पेक्टिन कमी असते. म्हणून पपईला लिंबाचा रस लागतो, तर अननसाला पेरूच्या किंवा कवठाच्या गराची जोड द्यावी लागते. पिकलेल्या आंब्याला सर्वांत चांगली जोड कैरीची. एकाच झाडाचे कच्चे फळ पिकलेल्या फळाची उणीव भरून काढते. मात्र कैरी आंबट हवी. तोतापुरी, जिला आपले कन्नड भाषक मित्र गिणिमूती म्हणतात, कच्चीही बरीच गोडसर असते. तीच वापरायची असेल तर सोबत एका लिंबाचा रस घालावा.

पुस्तकातील १०५ अंश आणि इंदूर

जॅम १०५ अंश सेल्सिअसला तयार होतो, असे बहुतेक पुस्तकांत छापलेले असते. हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. तेथे पाणी १०० अंशांना उकळते आणि मिश्रणातील विद्राव्य घनपदार्थ सुमारे ६८ टक्के झाले की त्याचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा साधारण ५ अंशांनी चढतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि दर ३०० मीटरमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. म्हणजे आपल्या शहरात पाणी ९८ अंशांच्या किंचित वर उकळते आणि जॅम १०३ अंशांच्या आसपासच तयार होतो. येथे १०५ अंशांची वाट पाहणाऱ्याचा जॅम जरुरीपेक्षा जास्त आटतो, त्याचा रंग काळवंडतो आणि दुसऱ्या दिवशी चमचा आत शिरत नाही.

यासाठी सोपा नियम असा की, प्रथम आपल्याच उष्णतामापकाने साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू मोजावा आणि त्यात ५ मिळवावेत. हा नियम मुंबईतही चालतो आणि महाबळेश्वरातही. शिवाय उष्णतामापकात थोडा दोष असला तरी तो आपोआप वजा होतो.

प्रत्यक्ष कृती आणि तिचे गणित

पिकलेल्या आंब्याचा गाळलेला रस ७५० ग्रॅम, कैरीचा गर २५० ग्रॅम व साखर ७५० ग्रॅम घ्यावी. कैरी सोलून, चिरून, थोड्या पाण्यात मऊ शिजवावी व चाळणीवर घासून तिचा गर काढावा. भांडे स्टेनलेस स्टीलचे, रुंद तोंडाचे व जाड बुडाचे असावे. बिनकल्हईचे तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये, कारण आम्लात तांबे उतरते. लोखंडी कढईत जॅम काळा पडतो.

प्रथम रस व गर एकत्र करून दहा मिनिटे शिजवावेत. साखर त्यानंतरच घालावी. अगोदर घातली तर ती फळातील पाणी ओढून घेते व फळ मऊ होत नाही. साखर मंद आचेवर पूर्ण विरघळली की आच वाढवावी आणि सतत ढवळत मिश्रण भराभर आटवावे. मंद आचेवर तास-तास उकळत ठेवल्याने पेक्टिन तुटते व सुगंध उडतो. म्हणून एका वेळी थोडाच जॅम करावा.

आता गणित पाहू. पिकलेल्या रसात साधारण १६ टक्के विद्राव्य घनपदार्थ धरले तर ते १२० ग्रॅम होतात. कैरीत ८ टक्के धरले तर २० ग्रॅम. साखर ७५० ग्रॅम. एकूण ८९० ग्रॅम. हे ६८ टक्के व्हायचे तर तयार जॅमचे वजन सुमारे १,३०० ग्रॅम असले पाहिजे. रिकाम्या भांड्याचे वजन आधी करून ठेवले तर उष्णतामापक नसतानाही जॅम कधी उतरवायचा ते तराजू सांगतो. शिजवताना पाणी किती घातले याची चिंता नको. शेवटचे वजन तेवढे जुळावे.

तराजूही नसेल तर जुन्या परीक्षा आहेतच. थंड बशीवर थेंब टाकून बोटाने सारला असता त्यावर सुरकुती पडली, किंवा पळीवरून जॅम धारेने न पडता पडद्यासारखा तुटून पडला, तर तो तयार झाला. मुरांब्याचा एकतारी पाक हीदेखील अशीच परीक्षा होय. बोटांत ताणली जाणारी तार ही पाकातील साखरेचे प्रमाण वाढल्याची खूण असते. परीक्षा करताना भांडे आचेवरून खाली घ्यावे, नाहीतर परीक्षेतच जॅम आटून जातो.

टिकतो कसा, बिघडतो कसा?

जॅममध्ये पाणी असते, पण ते साखरेने बांधलेले असते. त्यात पडलेल्या सूक्ष्मजीवाच्या पेशीतील पाणीच परासरणाने बाहेर ओढले जाते. जीवाणूंना अशा ठिकाणी वाढता येत नाही. काही बुरशी व किण्वे मात्र तग धरतात आणि पाण्याचा थोडा आधार मिळताच वाढतात. हा आधार बहुधा आपणच देतो. अर्धवट कोमट जॅमवर झाकण लावले की वाफेचे थेंब आत जमतात, पृष्ठभागावर पडतात आणि तेवढ्या जागी साखर विरळ होते. बुरशी नेमकी तेथेच उगवते. म्हणून पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बरण्यांत जॅम कढत असतानाच काठोकाठ भरावा व लगेच झाकण घट्ट लावावे. बरणी लाकडी पाटावर ठेवावी, म्हणजे ती तडकत नाही. ओला चमचा कधीही घालू नये. ‘बरणीला ओला हात लावू नका’ या आजीच्या धाकात हे शास्त्र दडलेले आहे.

हे पदार्थ उन्हाळ्यात करण्याचे कारणही केवळ आंबा हे नाही. माळव्यातील मे महिन्याची हवा कोरडी असते, भांडी व बरण्या खडखडीत वाळतात. पावसाळ्यात हवेतील ओलावा साखर शोषून घेते. गूळ तर त्याहूनही अधिक शोषतो. त्यामुळे गुळांबा साखरांब्यापेक्षा अधिक जपावा लागतो.

आपल्या देशात १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशाने जॅमसाठी किमान ६८ टक्के विद्राव्य घनपदार्थ व ४५ टक्के फळ अशी अट घातली होती. पुढे २०११ पासून लागू झालेल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत घनपदार्थांची मर्यादा ६५ टक्के झाली. घरी कारखान्यातील साधने नसतात, म्हणून ६८ चे मापच धरावे. गोडी कमी करण्यासाठी साखर निम्म्यावर आणली तर तो पदार्थ जॅमसारखा टिकणार नाही. तो शीतकपाटात ठेवून थोड्या दिवसांत संपवावा. पपईसारख्या कमी आम्लाच्या फळात लिंबू घालणे हा केवळ चवीचा प्रश्न नाही. सामू ४.६ च्या खाली असला म्हणजे बंद बरणीत वाढणाऱ्या घातक जीवाणूंना थारा मिळत नाही. बुरशी आलेला जॅम वरवर खरवडून खाऊ नये, कारण तिची विषे खालपर्यंत उतरलेली असू शकतात.

आहाराच्या दृष्टीने एवढे ध्यानात ठेवावे की जॅम म्हणजे फळ नव्हे. आंब्यातील क जीवनसत्त्वाचा बराच भाग उकळण्यात जातो आणि साखर भरपूर येते. पोळीला लावून चमचाभर खाण्याचा हा पदार्थ आहे. मधुमेह असलेल्यांनी तर त्यापासून दूर राहणेच बरे.

करून पाहण्याजोगे प्रयोग

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी पुढील तीन प्रयोग अवश्य करावेत. पहिला : कैरी, पेरू, अननस व पिकलेला आंबा यांचे शिजवून गाळलेले रस चार परीक्षानळ्यांत घेऊन प्रत्येकात दुप्पट स्पिरिट घालावे. पेक्टिन अधिक असेल तेथे घट्ट गोळा बनेल, कमी असेल तेथे नुसते तंतू दिसतील. स्पिरिट विषारी असल्याने हे मिश्रण चाखू नये व नंतर फेकून द्यावे. दुसरा : इंदुरात पाण्याचा उत्कलनबिंदू प्रत्यक्ष मोजावा. तिसरा : केवळ पिकलेल्या आंब्याचा एक व कैरी घातलेला एक असे दोन जॅम सारख्याच वजनापर्यंत आटवून त्यांची तुलना करावी.

या विषयात पुढे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी म्हैसूरला १९५० साली स्थापन झालेली केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. फळे टिकवणे हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय राहिला आहे. आणि उरलेल्या साली? इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्या गावात साली कचऱ्यात टाकणे शोभणार नाही.

सारांश, कृतीतील आकडे पाठ करून जॅम जमत नाही. आंबा दर वर्षी वेगळा असतो, गावाची उंची वेगळी असते, कैरीचा आंबटपणाही वेगळा असतो. पेक्टिन, आम्ल व साखर यांचा मेळ ज्याला कळला त्याला प्रत्येक वेळी नवी कृती शोधावी लागत नाही. आपल्या घरातील स्त्रियांनी हा मेळ हाताच्या अंदाजाने साधला. त्या अंदाजामागील कारणे समजून घेऊन ती लिहून ठेवणे एवढे काम आपल्याकडे उरते. येत्या उन्हाळ्यात घरी मुरांबा होत असेल तेव्हा शेजारी वही घेऊन बसावे, आणि आजीला ‘किती’ एवढेच न विचारता ‘का’ हेही विचारावे.