बांधावरचे खत : गिरिपुष्प



"खताची पोती पूर्वीपेक्षा जास्त टाकतो, पण जमीन पहिल्यासारखी साथ देत नाही," अशी तक्रार पुष्कळ शेतकरी करतात. कारण उघड आहे. गोठ्यातली जनावरे कमी झाली, शेणखत मिळेना. उसाला नुसता युरिया घालून चालत नाही, जमिनीच्या पोटात पालापाचोळाही गेला पाहिजे. तो बांधावर पिकवता येतो. त्यासाठीचे झाड म्हणजे गिरिपुष्प. कोणी त्याला उंदीरमारी म्हणतात.

हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. तिकडे कोकोच्या बागेत सावलीसाठी लावत. हे शेंगवर्गातले असल्याने मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र धरतात. हिवाळ्याच्या शेवटी पाने गळतात आणि उघड्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस लागतात. उन्हाळ्यात शेंगा वाळून तडकतात. मात्र फुले जुन्या फांदीवर येतात. दरवर्षी छाटणाऱ्याने बियांसाठी एकदोन झाडे न छाटता राखावीत.

लागवड : पावसाळ्याच्या तोंडावर अंगठ्यापेक्षा जाड, पक्व फांदीचे तीन फुटी तुकडे करावेत. बुडाचा भाग तिरपा कापून फूटभर खोल पुरावा व माती घट्ट दाबावी. शेंडा-बूड उलटे होऊ देऊ नका. बियांपासूनची रोपे सोटमुळाची असल्याने वाऱ्याला व पाण्याच्या ताणाला जास्त टिकतात. बी रात्रभर भिजवून उन्हाळ्यात पिशवीत लावावे, रोप पावसात बांधावर न्यावे. पाणी साचते तिथे लावू नये. सामाईक बांध असेल तर शेजाऱ्याला आधी विचारा, मागाहून वाद नको.

छाटणी : पहिले वर्ष झाडाला हात लावू नका. दुसऱ्या वर्षापासून जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर, वर्षातून दोन-तीनदा छाटावे. म्हणजे उसावर सावली पडत नाही.

हिशेब : चौरस एकराच्या चारी बांधांवर तीन-तीन फुटांवर साधारण पावणेतीनशे झाडे बसतात. झाडामागे वर्षाला दहा किलो ओला पाला धरला तर पावणेतीन टन होतो. ओल्या पाल्यात तीन हिस्से पाणी, राहिलेल्या कोरड्या भागात सुमारे तीन टक्के नत्र. म्हणजे वीस किलोच्या आसपास नत्र झाला. 45 किलोच्या एका युरियाच्या पोत्यात एवढाच असतो. तो सगळा लगेच पिकाला मिळत नाही, म्हणून रासायनिक खत एकदम बंद करू नये. पण पोत्यातून जे मिळत नाही ते सेंद्रिय द्रव्य इथे मिळते.

वापर : लागणीआधी कोवळा पाला सरीत टाकून मातीआड करावा. जाड काड्या बाजूला काढाव्यात. खोडव्यात पाचट जाळू नका. पाचटात नत्र फार कमी, त्यामुळे ते कुजताना जमिनीतलाच नत्र ओढते. त्यावर हा पाला पसरला की कुजण्याला जोर येतो.

शेळ्या हा पाला खातात. गाई-म्हशी वासामुळे आधी तोंड लावत नाहीत, थोडा सुकवून चाऱ्यात मिसळावा. घोड्याला मात्र मुळीच घालू नये, विषबाधा होते.

तरी सभासदांनी येत्या पावसाळ्यात निदान एका बांधावर तरी गिरिपुष्प लावून पाहावे. फांदी शेजाऱ्याकडून फुकट मिळते. लागतो तो एक दिवसाचा घाम.