शर्यतीचे नियम

शिरूर तालुक्यातील यात्रांत घाटात एका वेळी एकच बैलगाडा पळतो व लागलेल्या सेकंदांवरून क्रम ठरतो. प्रतिस्पर्धी शेजारी नसतो. त्रास झाला तर तो केवळ बैलांस. याच छळाच्या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा शर्यतींस मनाई केली.

महाराष्ट्राने २०१७ साली कायदा व नियम केले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व पशुवैद्याची तपासणी आवश्यक. अंतर १,००० मीटरपेक्षा अधिक नसावे. चाबूक, काठी व विजेचा धक्का वर्ज्य. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींस पुन्हा वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने हा कायदा वैध ठरविला. म्हणजे नियम हे शर्यतीचे वैरी नव्हेत. नियमांनीच ती वाचविली.

शिरूर-दौंडकडील जी मुले घरबसल्या संगणकावर मोटारींच्या शर्यती खेळतात, त्यांनीही हे ध्यानी धरावे. तेथे बैल नाही, परंतु पडद्यापलीकडे मनुष्य आहेच. वळणावर मुद्दाम धडक देऊन मिळविलेला पहिला क्रमांक चाबकाने मिळविलेल्या सेकंदाप्रमाणेच खोटा होय. बैलास तक्रार करिता येत नाही, दूरच्या खेळाडूचा चेहरा दिसत नाही. म्हणूनच अशा ठिकाणी आपला पंच आपणच व्हावयाचे असते.