मधली रेघ आपल्या बाजूला

पोरी, जूनमध्ये स्वित्झर्लंडला जाऊन स्वतः गाडी चालवणार म्हणालीस आणि तासाभरात तुझ्या आईचा मला फोन. तिला म्हटलं, ताम्हिणी घाटात भर पावसात गाडी चालवणारी मुलगी आहे ती, काळजी कसली? पण हाताला मुरलेली सवयही विमानातून तुझ्याबरोबर उतरते, आणि तिला तिथला रस्ता ठाऊक नसतो. म्हणून मामाच्या चुकांतून निघालेल्या या गोष्टी गाठीला बांध.

१. आंतरराष्ट्रीय परवाना महिनाभर आधीच आरटीओतून काढून घे आणि मूळ लायसन्सही पर्समध्ये ठेव — परवाना वर्षभरच चालतो, आणि लायसन्स सोबत नसेल तर तो नुसता कागद.

२. गाडी ठरवतानाच ऑटोमॅटिक मागून घे — स्टिअरिंग डावीकडे म्हणजे गिअर उजव्या हाताला, आणि आपला डावा हात दिवसभर दारावर आपटत राहतो.

३. झुरिकला उतरल्या दिवशी गाडी घेऊ नकोस, झोप काढ — तिथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा तुझ्या डोळ्यांत रात्रीचे साडेदहा.

४. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढ, चाकांसकट — मी एकदा भिडेपोटी काढला नाही आणि आधीच्या कुणाचा तरी ओरखडा माझ्या नावावर लागला. लाजरा पाहुणा दुसऱ्याचं बिल भरतो.

५. निघण्याआधी पाच मिनिटं जागेवर बसून दिवे, वायपर, इंडिकेटर लावून बघ — इंडिकेटरची दांडी तिथे डावीकडे असते. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर मी कोरडी काच पुसत होतो. आणि दिवे दिवसाही लावायचे, 2014 पासून तसा कायदाच आहे.

६. पंपावरून किंवा हॉटेलातून रस्त्यावर येताना मोठ्याने म्हण, ‘मधली रेघ माझ्या बाजूला’ — गर्दीत माणूस पुढच्याच्या मागे जातो, बाजू चुकते ती पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर. रिकामा रस्ताच वाट चुकवतो.

७. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ दे, आणि झेब्रा क्रॉसिंगवर कुणी उभं दिसलं की थांब — तू थांबणार हे धरूनच तिथला माणूस पाऊल टाकतो.

८. गावात 50, बाहेर 80, मोटरवेवर 120, आणि पाटीवर वेगळा आकडा दिसला तर तोच खरा — कॅमेरा हाक मारून थांबवत नाही, दंड मागाहून घरी येतो.

९. मोटरवेवर चढण्याआधी गाडीला ‘विन्येट’, म्हणजे मोटरवेचा टोल-पास, आहे ना, हे विचारून घे — वर्षाचे 40 फ्रँक असतात, नसलं तर दंड त्याच्या कितीतरी पट.

१०. अरुंद घाटात उतरणाऱ्याने आधी थांबायचं, वेळ पडली तर मागेही घ्यायची — चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड, हे आपल्या घाटांनी तुला शिकवलंच आहे. चढणाऱ्याचा मान, उतरणाऱ्याचं शहाणपण.

११. लांब उतारावर खालच्या गिअरमध्ये राहा — सारखा दाबलेला ब्रेक तापतो आणि नेमका शेवटच्या वळणाला दगा देतो.

१२. आंधळ्या वळणाआड तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला की वेग कमी कर — ती पिवळी पोस्टबस असते. आपल्या एसटीला देतेस तशी तिला वाट दे, ड्रायव्हर खूण करेल तसं कर.

१३. फुर्का, ग्रिमसेल, सुस्टेन या खिंडी उघड्या आहेत का, हे रोज सकाळी बघ — तिथला बर्फ जूनचं कॅलेंडर पाहून वितळत नाही.

१४. झरमॅटला जाताना गाडी टेशला ठेवून आगगाडीने जा — वरच्या गावात आपल्या गाडीला प्रवेश नाही, आणि चालत फिरण्यातच त्या गावाची गंमत आहे.

१५. मोटरवेवर गाड्या तुंबू लागल्या की डावी रांग डावीकडे, उजवी उजवीकडे सरकते, तूही सरक — ती मधली वाट रुग्णवाहिकेची. काही झालंच तर 112 लाव.

आणि परत आल्यावर पुण्यातही पहिले दोन दिवस तेच वाक्य म्हण. चालकाच्या बाजूला मधली रेघ, हे इथेही खरं आणि तिथेही. नवी सवयसुद्धा परतीच्या विमानात बसून येते, पोरी.

तुझा मामा