जमवलेला पैसा कुणाचा?



आपल्या धर्मग्रामातील काही जण लायन्स किंवा रोटरीसारख्या सेवा क्लबांचे सभासद आहेत. काही जण सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेत काम करतात. उरलेले आपण सारे वर्षातून चार-पाच वेळा कुणाच्या तरी पावतीपुस्तकासमोर खिशात हात घालतो. कधी नेत्रशिबिरासाठी, कधी पूरग्रस्तांसाठी, तर कधी लकी ड्रॉच्या तिकिटासाठी. मागणारा ओळखीचा असतो म्हणून आपण काही विचारत नाही. देणारा ओळखीचा असतो म्हणून मागणाराही पुढे काही सांगत नाही. दोघांच्या या संकोचात एक साधा प्रश्न तसाच राहून जातो. हा जमवलेला पैसा आता कुणाचा?

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी आज आपण सेवा क्लबांच्या कामाकडे पाहू. शंभरहून अधिक वर्षे लोकवर्गणीतून काम करताना त्यांनी काही गोष्टी अनुभवाने शिकून घेतल्या आहेत. त्या आपल्यालाही उपयोगी पडतील.

१. क्लबांची सुरुवात

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना एकत्र आणले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. सभा आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरत, म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडले. सुरुवातीचा हेतू सेवेचा नव्हता. मोठ्या शहरात मैत्री व्हावी आणि एकमेकांचा धंदा वाढावा, एवढीच अपेक्षा होती. दोनेक वर्षांत मात्र सभासदांना वाटू लागले की आपण आपल्यापुरतेच जमलो तर हा क्लब टिकणार नाही. मग त्यांनी पहिले लोकोपयोगी काम हाती घेतले. ते होते शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचे. काम साधे, पण रस्त्यावरच्या माणसाची खरी अडचण दूर करणारे!

लायन्सचा उगमही शिकागोचाच. विमा व्यवसायातील मेल्विन जोन्स यांनी १९१७ साली व्यापारी मंडळांना सेवेकडे वळवले. १९२५ साली त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर आल्या. स्वतः अंध व बहिऱ्या असलेल्या या बाईंनी अंधांच्या बाजूने उभे राहण्याचे आवाहन केले. तेव्हापासून दृष्टी हे लायन्सचे मुख्य काम झाले. आपल्याकडच्या मोतीबिंदू शिबिरांचे मूळ त्या आवाहनात आहे. मुंबईत रोटरी क्लब १९२९ साली सुरू झाला.

२. कॅथलिकांनी सभासद व्हावे का?

हा प्रश्न जुन्या पिढीतील काही जण अजूनही विचारतात, आणि त्याला कारण आहे. १९२९ साली, धर्मगुरूंनी रोटरीत जाणे इष्ट नाही, असे व्हॅटिकनने कळवले होते. जानेवारी १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आदेशाने धर्मगुरूंना सभासद होण्यास मनाई केली आणि प्रापंचिकांना संशयास्पद संस्थांपासून सावध राहण्यास सांगितले. या क्लबांवर फ्रीमेसन चळवळीची छाया आहे आणि धर्म बाजूला ठेवून चांगुलपणा शिकवला जातो आहे, अशी त्या काळी शंका होती.

पुढे दुसरी व्हॅटिकन परिषद झाली (१९६२ ते १९६५) आणि जगातील सर्व सदिच्छ माणसांबरोबर काम करण्याची भूमिका ख्रिस्तसभेने घेतली. जून १९७९ मध्ये रोटरीचे अधिवेशन रोममध्ये भरले, तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी सभासदांची भेट घेऊन त्यांच्या सेवेची प्रशंसा केली. फ्रीमेसन संघटनांवरील बंदी आजही कायम आहे. सेवा क्लबांना ती लागू नाही. म्हणून आपल्या बंधुभगिनींनी तेथे जरूर काम करावे. मात्र तेथे काय करतो आणि कसे करतो, याचे भान ठेवावे.

३. दोन खाती

लायन्स क्लबांचा एक नियम आपण सर्वांनी पाठ करावा असा आहे. क्लबाची दोन खाती असतात. एक प्रशासकीय, दुसरे सेवेचे. सभासदांची वार्षिक वर्गणी पहिल्या खात्यात जाते आणि सभेचा चहा, जेवण, टपाल, स्टेशनरी यांचा खर्च त्यातून होतो. लोकांकडून मागून आणलेला पैसा दुसऱ्या खात्यात जातो आणि तो लोकांकडेच परत गेला पाहिजे. वर्गणी गोळा करण्यासाठी जो कार्यक्रम केला त्याचा थेट खर्च, उदाहरणार्थ सभागृहाचे भाडे किंवा तिकिटांची छपाई, त्यातून वजा करता येतो. सभासदांचे स्नेहभोजन त्यातून करता येत नाही.

या नियमामागचे तत्त्व काय? मी अंध माणसाच्या नावाने शंभर रुपये मागितले, तर ते माझ्या हातात आले त्या क्षणापासून त्याचे आहेत. देणाऱ्याने ते सोडले आहेत, आणि माझे ते कधीच नव्हते. मी केवळ वाहक आहे. पोस्टमनने मनिऑर्डरीतून स्वतःचा चहा प्यायचा नसतो. तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलायचे तर पैसा हे साधन आहे, गरजू माणसाचे भले हे साध्य. साधन हातात आल्यावर साध्य विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणूनच मनाच्या चांगुलपणाला दोन खात्यांची जोड द्यावी लागते.

समजा, एका संगीत कार्यक्रमात तिकिटांचे ८०,००० रुपये जमले आणि खर्च ५०,००० झाला. व्यासपीठावरून ‘ऐंशी हजार जमले’ अशी घोषणा होते, टाळ्या पडतात. पण गरजूच्या वाट्याला आले तीस हजार. तीस हजार हाच खरा आकडा आणि लोकांना तोच कळायला हवा. खर्च अधिक का झाला, हा प्रश्न त्यातूनच पुढे येईल आणि पुढच्या वर्षी कार्यक्रम साधा होईल.

कायद्याचेही येथे म्हणणे आहे. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळाला वर्गणी मागायची असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. लोकांचा पैसा ही कुणाची खासगी बाब नाही, हेच कायदाही सांगतो.

४. आधी गरज, मग प्रकल्प

पैसा जर गरजूचा आहे, तर तो कशावर खर्च करायचा हे त्याच्या गरजेवरून ठरले पाहिजे. आपल्या सोयीवरून नव्हे. येथे पुष्कळ चांगली माणसे चुकतात.

२००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपड्यांचे ट्रक गेले. त्यातले कितीतरी कपडे जुने, फाटके किंवा तेथील लोकांना न वापरता येण्याजोगे होते. त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले आणि ते निस्तरणे हेच एक नवे काम होऊन बसले. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी फक्त आधी विचारले नाही.

रक्तदान शिबिराचेही तसेच. रक्तातील तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. एखाद्या सणाला किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला सगळीकडे एकाच दिवशी शिबिरे झाली, तर रक्त गरजेपेक्षा जास्त जमते आणि ते रक्तदाते पुढचे तीन महिने उपलब्ध राहत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, लोक गावी जातात, तेव्हा रक्तपेढ्यांत टंचाई होते. म्हणून तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला एक फोन करावा. त्या फोनला पैसा लागत नाही, पण सेवेची अर्धी गुणवत्ता त्यात आहे.

मोतीबिंदू शिबिरातही शस्त्रक्रियेच्या दिवशी फोटो निघतात. पण त्यानंतर औषधाचे थेंब वेळेवर घातले जातात का, तपासणीला आजीबाईंना कोण घेऊन जाणार, चष्मा मिळाला का, हे पाहणारा स्वयंसेवक लागतो. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात हेच सांगितले आहे. पैसे देणे कुणालाही जमते. पण योग्य व्यक्तीला, योग्य प्रमाणात, योग्य वेळी, योग्य हेतूने आणि योग्य रीतीने देणे सोपे नाही. म्हणून औदार्य हा त्याने सद्गुण मानला. आणि सद्गुण सरावाने येतो.

५. दोन थेंबांची गोष्ट

गरज ओळखून टिकून राहिलेल्या प्रकल्पाचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे पोलिओ. रोटरीने १९७९ साली फिलिपाइन्समधील मुलांना लस देण्याचे काम सुरू केले आणि १९८५ साली जगभरासाठी मोहीम जाहीर केली. १२ कोटी डॉलर्स जमवण्याचे ठरले होते. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओ निर्मूलनाचा निर्धार केला तेव्हा जगात दरवर्षी अंदाजे साडेतीन लाख मुले या रोगाने पंगू होत होती.

भारतात १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. खर्चाचा मोठा भाग आपल्या सरकारने उचलला. अंगणवाडी सेविका, परिचारिका, शिक्षक आणि क्लबांचे स्वयंसेवक रविवारी बूथवर बसले, नंतर घरोघर फिरले, बाळांच्या बोटाला शाईची खूण केली. उत्तरेत लसीविषयी अफवा पसरल्या तेव्हा मुस्लिम धर्मगुरूंना सोबत घेऊन घरांची दारे उघडून घेतली. तरीही २००९ साली देशात ७४१ रुग्ण सापडले. निराश होऊन सोडून द्यावे अशीच ती वेळ होती. कुणी सोडले नाही. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. पाकिस्तान व अफगाणिस्तानात मात्र २०२५ सालीही रुग्ण आढळले; म्हणून आपल्या बाळांना लस देणे थांबवायचे नाही.

यातून काय शिकावे? क्लबाचा अध्यक्ष दरवर्षी १ जुलैला बदलतो. प्रत्येक नव्या अध्यक्षाला वाटते, आपल्या वर्षात आपला नवा प्रकल्प हवा. मग जुनी पाणपोई कोरडी पडते आणि नव्याचे उद्घाटन होते. १९८५ ते २०११ या काळात रोटरीचे पंचवीस अध्यक्ष बदलले, पण काम बदलले नाही. दुसऱ्याने सुरू केलेले काम आपल्या नावाशिवाय पुढे नेणे ही सेवेतील कठीण गोष्ट आहे. आपल्या धर्मग्रामातील समित्यांनाही हे लागू पडते.

६. संत पौलाचा हिशेब

आपल्या परंपरेत लोकवर्गणीचा पहिला मोठा प्रकल्प संत पौलाचा. इ. स. ५५ च्या सुमारास जेरुसलेममधील गरीब बांधवांसाठी त्याने ग्रीस व मॅसेदोनियातील ख्रिस्ती समूहांकडून मदत गोळा केली. करिंथकरांस लिहिलेली दोन्ही पत्रे काढून पाहा (पहिल्या पत्राचा सोळावा अध्याय, दुसऱ्याचे आठवा व नववा). प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे थोडे बाजूला ठेवावे, अशी त्याची योजना होती. जबरदस्ती नको, असे त्याने बजावले. आणि पैसे पोहोचवताना त्याने तीतासोबत आणखी दोन विश्वासू बांधव पाठवले. त्यांतील एक तर समूहांनीच निवडलेला होता. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, म्हणून. देवासमोर तर प्रामाणिक असावेच, पण माणसांनाही ते दिसावे, असा त्याचा आग्रह होता.

विचार करा, प्रेषितावर कुणाचा अविश्वास होता? तरी त्याने एकट्याने पैसे नेले नाहीत. म्हणून हिशेब मागितला की ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे म्हणून रुसण्याचे कुणालाही कारण नाही. हिशेब हा त्या गरिबाचा हक्क आहे, ज्याच्या नावाने आपण मागितले.

व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचीही एक रीत येथे सांगावी. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या साथीदारांनी १८३३ साली पॅरिसमध्ये ही संस्था सुरू केली. सभेत एक पिशवी फिरते आणि प्रत्येक सभासद त्यात गुपचूप आपला वाटा टाकतो. कुणी किती दिले ते कुणाला कळत नाही. देणाऱ्याचे नाव झाकलेले, पण खर्चाचा आकडा उघड! आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट होते. देणाऱ्याचे नाव फरशीवर कोरलेले आणि खर्चाचा आकडा कुठेच नाही.

लघुसमूहात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षी आपण कोणकोणत्या कामांसाठी वर्गणी दिली? त्यांपैकी किती कामांचा हिशेब आपल्याला कळला?

२. आपल्या वाडीतील एका गरजू कुटुंबाला नेमके काय हवे आहे, हे आपण त्यांना विचारले आहे का? न दुखावता कसे विचारता येईल?

३. आपल्या समूहाने सुरू करून अर्धवट सोडलेले एखादे काम आहे का? ते पुन्हा हाती घ्यायला किती माणसे आणि किती वेळ लागेल?

४. पुढील कार्यक्रमाचा जमाखर्च चर्चच्या सूचना फलकावर किती दिवसांत लावायचा? तारीख आजच ठरवा आणि जबाबदारी दोघांवर सोपवा, एकट्यावर नको.