भात निसवायच्या आधी

सह्याद्रीच्या पायथ्याशी, आमच्या धसई गावाच्या बाजूला शिकारी कुत्र्याला मान होता. म्हातारी माणसं अजून पारधीच्या गोष्टी सांगतात आणि कुठला कुत्रा कुणाच्या घरचा होता, तेही त्यांना आठवतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार गुन्हा ठरली. कुत्र्याचं काम मात्र संपलं नाही. पूर्वेच्या डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि दूध भरलेलं खाचर एका रात्रीत लोळवतात. त्यामुळे आमच्या कुत्र्याचा हंगाम आता भाताचा. हळवं, म्हणजे लवकर येणारं भात निसवतं तिथून तो सुरू होतो आणि उशिरा येणारं गरवं कापून खळ्यावर येईपर्यंत चालतो. भाद्रपद ते कार्तिक असा हा काळ. त्याची बहुतेक तयारी लावणी उरकली की धरावी लागते. राखणीचे कुत्रे पाळता पाळता जे समजलं ते इथे मांडतो.

१. कुत्रा गावचाच बरा.
मुधोळ आणि कारवानी हे देखणे कुत्रे. बागलकोटकडचं मुधोळ, लातूर-सोलापूरकडचे माळ, ही त्यांची भूमी. लांब पाय, सडपातळ अंग, आणि सावज नजरेनं हेरून मोकळ्या माळावर गाठायचं, हा त्यांचा धर्म. आमच्याकडे करवंदीच्या जाळ्या, ओहोळ, पायरी-पायरीची खाचरं आणि अडीच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. इथे नजर चार हातांवर अडते, उपयोगी पडतात ते कान आणि नाक. पावसात भिजून न कुरकुरणारा, भाकरी-ताकावर राहणारा गावठी कुत्रा या कामाला पुरतो. पिल्लू निवडताना सगळ्यात दांडगं उचलू नये. हाक मारल्यावर शेपूट हलवत येणारं आणि भांडं पडल्यावर दचकून पुन्हा वास घ्यायला जाणारं पिल्लू उचलावं.

२. भादव्याच्या आधी नसबंदी.
गावठी कुत्र्यांचा माजाचा मोठा काळ भाद्रपदाच्या आसपास येतो आणि नेमकं त्याच वेळी हळवं भात दुधावर असतं. नर असेल तर तो रात्ररात्र घरी नसतो, आला तर कान फाटून, लंगडत येतो. मादी असेल तर नऊ आठवड्यांनी, ऐन कापणीत, पिल्लं. नसबंदी केली की कुत्रा मऊ पडतो, असं गावात म्हणतात. भुंकण्यात आणि राखणीत मला तरी फरक दिसला नाही. ऑपरेशन उन्हाळ्यातच उरकावं. पावसाच्या चिखलात टाके सांभाळणं अवघड जातं.

३. लस हा तयारीचा पहिला खर्च.
रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, डॉक्टर सांगतील तेव्हा पुढचा डोस, आणि मग दरवर्षी. याला पर्याय नाही. सोबत डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टो यांची एकत्रित लस मिळते. खाचरात उंदीर आणि साचलेलं पाणी दोन्ही असतं, म्हणून लेप्टोची काळजी आम्हाला जास्त. तो आजार माणसालाही होतो. डिस्टेंपरची लस फक्त आपल्या कुत्र्यासाठी नाही, रानासाठीही आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात याच रोगाचा विषाणू सापडला होता. रानाच्या कडेला कुत्रा ठेवणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, वजन सांगून, डॉक्टरांकडूनच घ्यावं. आपल्या घरातली दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. ती त्याच्या जिवावर बेतू शकते.

४. दम श्रावणात भरावा.
आषाढभर ओटीवर पडलेला कुत्रा एकदम रात्री पळवला तर तिसऱ्या दिवशी लंगडतो. श्रावणापासून रोज सकाळी त्याला घेऊन बांधावर फिरावं. आधी थोडं, मग वाढवत न्यावं. पावसानं त्याचे तळवे मऊ पडलेले असतात, बोटांच्या बेचक्यात खाज आणि लाली येते. घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे पुसावेत. काम वाढेल तसं खाणं वाढवावं. तांदळाची भाकरी, ताक, उकडलेलं अंडं, धुतलेलं सुकट एवढं पुरतं. कांदा घातलेलं कालवण आणि कोंबडीची शिजलेली हाडं टाळावीत. रात्रीच्या कामाआधी पोटभर वाढू नये. थोडं संध्याकाळी, बाकीचं सकाळी परत आल्यावर.

५. आधी ‘ये’, नंतर ‘छू’.
सगळ्या तयारीचं मूळ इथे आहे. ‘छू’ म्हटल्यावर धावायला कुत्र्याला शिकवावं लागत नाही, ते त्याच्या रक्तात असतं. धावता धावता हाकेवर परत फिरणं शिकवावं लागतं, आणि आपण नेमकं तेच शिकवायचं सोडून देतो. मी लांब दोरी बांधून सुरुवात करतो. ‘ये’ म्हणायचं, आला की सुकटाचा तुकडा. मग कोंबड्यांच्या समोर, मग शेळ्यांच्या कळपाजवळ, मग संध्याकाळी रानाच्या कडेला. दोरी असतानाच शंभरातल्या शंभर वेळा आला पाहिजे. त्याशिवाय दोरी सुटत नाही. उशिरा आलेल्या कुत्र्याला मारू नये. त्याच्या डोक्यात मार बसतो तो येण्याबद्दल, उशिराबद्दल नाही, आणि पुढच्या वेळी तो येतच नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच हाक वापरावी. आजी ‘यू यू’ करते, पोरगा शिट्टी मारतो, मी ‘ये’ म्हणतो, असं झालं की कुत्रा कुणाचंच ऐकत नाही.

६. बांध ही हद्द.
कुत्र्याचं काम भुंकण्याचं. डुक्कर सुळ्यानं कुत्र्याचं पोट उभं फाडतं आणि पिल्लं बरोबर असलेली डुकरीण पळत नाही, वळते. म्हणून दोरी धरून रोज त्याच बांधावरून, त्याच दिशेनं फेरी मारावी. बांधावर थांबून भुंकला की शाबासकी, ओलांडला की फेरी तिथेच बंद. काही आठवड्यांत शेताचा आकार त्याला पाठ होतो. कायद्याची रेषाही इथेच आहे. कुत्रे मागे लावून जनावर पळवणं शिकारीच्या व्याख्येतच येतं, जनावर मेलंच पाहिजे असं नाही. ससा, भेकर, साळिंदर यांच्या मागे लागायची खोड पहिल्याच दिवशी मोडावी. शेजाऱ्यांचे कुत्रे गोळा करून जोर वाढवायचा मोहही टाळावा. एक कुत्रा भुंकतो, चार कुत्रे शिकार करतात.

७. रात्री कुत्रा राखणीच्या माळ्यावर, आपल्याजवळ.
आमच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावरच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या मांसात वजनाच्या हिशेबानं सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. खाचराच्या कडेला खुंटीला बांधून ठेवलेला कुत्रा राखण करत नाही, तो बिबट्याला आमंत्रण देतो. माळ्यावर चढायची त्याला सवय लावावी, त्यासाठी रुंद पायऱ्यांची शिडी करावी. वस्तीवर असेल तर दाराआड ठेवावा. बाहेरच्या बाजूला खिळे असलेला गळपट्टा मदत करतो, पण त्याच्या भरवशावर कुत्रा बाहेर सोडू नये. वाघबारस याच हंगामात येते. गुराखी वाघोबाला खीर दाखवतात आणि गुरं सांभाळ म्हणतात. नवसाबरोबर दाराची कडीही लावलेली बरी.

८. दिवसा बांध तपासावा.
गाडीच्या ब्रेकच्या तारेची फासकी, आमिषात गुंडाळलेला गावठी बार, कुंपणात सोडलेली वीज. डुकरांसाठी लावलेल्या या गोष्टींत कुत्रे, गुरं आणि माणसंही मरतात. तिन्ही बेकायदा आहेत. हंगाम सुरू व्हायच्या आधी शेजारच्या शेतकऱ्यांना भेटावं, आमचा कुत्रा रात्री इकडे असतो हे सांगावं, आणि उजेड असताना स्वतः फेरी मारावी. अनोळखी ठिकाणचं काहीही तोंडात धरायचं नाही, ही सवय कुत्र्याला पिल्लूपणीच लावावी.

९. रोज रात्री हात फिरवावा.
आश्विनात कुसळी गवत पिकतं. कुसळ कानात, बोटांच्या बेचक्यात, कधी डोळ्यात शिरतं आणि आत आत जात राहतं. कुत्रा सारखी मान झटकत असेल तर कानात कुसळ आहे असंच समजावं. गोचीड कानामागे, काखेत, शेपटीखाली सापडते. ती ताप देते आणि कुत्रा आठवडाभर उठत नाही. तोंडाला किंवा पुढच्या पायाला अचानक सूज आली तर सापाचा संशय धरावा. घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही आमच्या रानात आहेत. चिरा देणं, आवळून बांधणं, पाला चोळणं यात वेळ घालवू नये, थेट डॉक्टर गाठावा. डॉक्टरचा फोन नंबर आणि रात्री येणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर हंगामाआधीच माळ्यावर लिहून ठेवावा.

१०. सगळं कुत्र्यावर टाकू नये.
कुत्रा फक्त खबर देतो. उठून बॅटरी मारणं, डबा वाजवणं, हाळी देणं हे माणसाचं काम. मालक घोरत राहिला तर दोन-चार रात्रींत डुकरांना भुंकण्याची सवय होते. तरीही पीक गेलं तर फोटो काढून लगेच वनरक्षकाला कळवावं आणि पंचनामा करून घ्यावा. भरपाईची वाट त्यातूनच जाते. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइनही आहे.

गरवं कापून झालं की कुत्र्याला सुट्टी द्यावी, पण साखळी नको. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि वर्षभर बांधलेला कुत्रा पुढच्या श्रावणात कामाला येतच नाही. हंगामाचा हिशेब मी दोन गोष्टींवर करतो: खळ्यावर किती भात आलं आणि कुत्र्याच्या अंगावर किती जखमा आहेत. कुत्र्यानं काय मारलं, हे विचारणारे गावात अजून आहेत. ज्या वर्षी या प्रश्नाला ‘काही नाही’ एवढंच उत्तर देता येतं, त्या वर्षी तयारी नीट झाली असं मी धरतो.